दसऱ्याला धुतलेलं इंजिन

जुन्या पत्र्याच्या आगगाड्या जमवणारी माणसं मी चार वर्षं अगदी जवळून पाहिली. तेव्हापासून कुणी ‘मला अमुक जमवायचा छंद आहे’ असं म्हणालं, की मी विषय बदलते. नाणी असोत, तिकिटं असोत की अडकित्ते, जमवणाऱ्याचा चेहरा तोच असतो. वस्तू कुणीतरी घडवलेली असते, दुसऱ्या कुणीतरी वापरून झिजवलेली असते, आणि हा मधेच येऊन तिच्याकडे मालकाच्या नजरेनं पाहत ‘हल्ली असं काम होत नाही’ म्हणून सुस्कारा टाकतो. असे सुस्कारे मी पोटभर ऐकले आहेत, त्यामुळे या प्रकरणात माझी जीभ तिखट झाली तर वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं.

आमचे जसुभाई शेठ या जातीचे म्होरके. सुरतेला, उधन्यात त्यांचा यंत्रमागांचा कारखाना होता आणि माझे वडील, आप्पा, तिथे फिटर होते. शेठचा बंगला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बंगल्याच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली केवळ आगगाड्यांसाठी. भिंतीला काचेची कपाटं, आत मखमल, मखमलीवर इंजिनं आणि डबे. सगळी परदेशची, किल्लीवर चालणारी, कुठल्या तरी गोऱ्या पोरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी फरशीवर आपटलेली. शेठ ती बघताना पांढरे सुती हातमोजे घालत. या गृहस्थांनी आयुष्यात स्वतःच्या जेवणाचं ताट उचललं नव्हतं, आणि खऱ्या आगगाडीत बसले तर नाकाला रुमाल लावून बसत. पण पत्र्याच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली टिचभर बाकडी दाखवताना त्यांचा गळा दाटून यायचा. रविवारी त्यांच्यासारखे आणखी तीन-चार जण जमायचे. नाकानं कांदे सोलत एकमेकांच्या इंजिनात खोड काढायची, कामाच्या बाईनं आणलेले फाफडे खायचे, आणि गंजलेल्या कोपऱ्याला ‘आ तो एनी उमर छे’ म्हणून माना डोलवायच्या. आमच्या खोलीच्या पत्र्यालाही भरपूर गंज होता, पण त्याला कुणी वय म्हणत नव्हतं.

या शास्त्राचे नियम मला आजही तोंडपाठ आहेत. पाणी लावायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे रंग द्यायचा नाही. मूळचा रंग उडाला असेल तर उडालेलाच ठेवायचा, कारण त्या पोपड्यांतच वस्तूचं मोल. धूळ बकरीच्या केसांच्या कुंचल्यानं झाडायची, दातेरी चाकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यायचा, मलमलीत गुंडाळायचं आणि जवळ दमटपणा शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या ठेवायच्या. सुरतेची खारट दमट हवा पत्र्याला खाते, म्हणून शेठ हवेवरसुद्धा रागावलेले असायचे.

पण या गाड्यांना एक रोग असतो, त्यावर कुठलीच पुडी चालत नाही. काही इंजिनांची चाकं जस्त मिसळलेल्या धातूची ओतलेली असतात. ती आतूनच फुगतात, तडकतात आणि एक दिवस हातात राखाडी भुगा राहतो. शेठच्या लाडक्या जर्मन इंजिनाची चाकं अशीच गेली. हिरवं इंजिन, लाल रेघा, बाजूला सोनेरी अक्षरं अर्धी पुसलेली. ते कुठल्याशा संस्थानिकाच्या नातवाचं होतं असं शेठ सांगायचे, आणि त्यांना कुणी ‘कोणत्या?’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. चाकांचा भुगा झाला तेव्हा शेठ दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना बोलावलं. आप्पांनी उरल्यासुरल्या तुकड्यांवरून माप घेतलं, उधन्यातल्या ओळखीच्या लेथवर पितळेची चाकं कातली, आरे घासून काढले, आणि मग काळी करून अशी बसवली की शेठ स्वतः ओळखू शकले नाहीत. त्यानंतर आणखी दोन इंजिनांची चाकं, एकाची कमान, एकाची किल्ली असं बरंच काही आप्पांच्या हातून झालं. रविवारच्या मंडळींना मात्र शेठ काच उघडून सांगायचे, ‘बधुं ओरिजिनल. कोईनो हाथ नथी लाग्यो.’ ज्यांचा हात लागला होता ते आप्पा त्या वेळी जिन्याखाली चपला काढून, शेठ कधी बोलावतात याची वाट बघत बसलेले असायचे. मला संताप यायचा. आप्पांना मात्र मौज वाटायची.

आम्ही नवागामला राहत होतो. एक खोली, वर पोटमाळा, आणि पाठच्या भिंतीला लागूनच कुणाच्या तरी बारा मागांचा कारखाना. त्या भिंतीवर हात ठेवला तर हाताला मुंग्या यायच्या. खटखट, खटखट, दिवसरात्र. आमच्याकडे माणसं मोठ्यानंच बोलत, त्याचं कारण भांडण नसून ती भिंत. माय भाकरी थापायची ती त्या ठेक्यावर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरच्यांचा खुडा म्हणजे ठेचा, आणि शनिवारी शेवभाजी, तीसुद्धा इतकी तिखट की शेजारचे गुजराती दार लावून घ्यायचे. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, घरात अहिराणी, शाळेत आधी मराठी आणि मग गुजराती, रस्त्यावर हिंदी. मी बारावी झाले होते, अक्षर चांगलं होतं, म्हणून आप्पा एकदा मला बंगल्यावर घेऊन गेले आणि शेठनी मला गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. कुठल्या देशाची, कुठल्या कारखान्याची, काय खास, असं सगळं इंग्रजीत, परदेशी यादीतून उतरवून. एका वर्षात मी ते शास्त्र शेठपेक्षा बरं शिकले. पांढरे हातमोजे मलाही मिळाले. ते घालून मी घरी यायचे नाही, पण पिशवीत वर दिसतील असे ठेवायचे.

इथे माझं एक गुपित सांगायला हवं. शेठ खालच्या दालनात संग्रहालय काढणार होते, आणि ‘आ छोकरी संभाळशे’ असं त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर माझं सगळं अडकलेलं होतं, कारण गावाकडे मामाचा दिलीप वाट बघत होता. दिलीपचं आयुष्यातलं एकमेव कर्तृत्व म्हणजे तो मामाचा मुलगा होता. दोनदा दहावी नापास, मोटरसायकलच्या आरशात भांग पाडणारा, आणि मला ‘सुरतवाली’ म्हणून दात काढणारा. नोकरी लागली तर लग्न टळेल, नाही लागली तर मी जन्मभर त्याच्या म्हशींचं शेण काढीन, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग ते रोगाचं साल आलं. सुरतेत कोण विसरेल ते? लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले, गटारांवर पांढरी पूड पडली, स्टेशनावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. प्लेगवरच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. चार दिवसांत आमच्या पाठची भिंत बंद पडली. त्या शांततेची मला इतकी भीती वाटली की मी माळ्यावर जाऊन कान दाबून बसले. गल्ली निम्मी रिकामी झाली. आम्हीही निघणार होतो, बोचकी बांधली होती, तेवढ्यात शेठची मोटार दारात आली. शेठ आत आले नाहीत. मोटारीत बसूनच, काच चार बोटं खाली करून बोलले. ते सहकुटुंब आबूला चालले होते. बंगला बंद राहणार, चोरांचं भय, म्हणून संग्रहातलं सगळ्यांत मोलाचं तेवढं, म्हणजे ते हिरवं इंजिन आणि त्याचे सहा डबे, ते आमच्याकडे ठेवणार होते.

‘आत्माराम, तेरे घर में कौन चोर आएगा?’ ते आप्पांना म्हणाले. हा त्यांनी दाखवलेला विश्वास होता, असं आप्पांना पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

ड्रायव्हरनं लाकडी पेटी उतरवली. मायनं पुढे होऊन विचारलं, ‘शेठ, थोड्या गोळ्या मिळतील का, पोरीसाठी?’ शेठनी खिसे चाचपले, दिलगिरीचा चेहरा केला, आणि काचेच्या फटीतून एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत त्या पांढऱ्या पुड्या होत्या, दमट हवेच्या. ‘हर दूसरे दिन बदलना,’ ते म्हणाले, आणि काच वर गेली. त्यांच्या मांडीवर औषधाचा डबा होता, तो मी पाहिला.

‘आम्हले गोया नहीत, आनि त्या पत्रानी गाडीले औषध!’ माय ओरडली. बोचकी मात्र तिनंच सोडली, कारण पेटी टाकून आप्पा हलणार नव्हते, आणि आप्पांना टाकून ती. काच वर करून गेलेल्या त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. तो वारला तेव्हा मी घरच्यांना भेटायला गेले, चहा घेतला, तरीही नाही.

तीन आठवडे आम्ही त्या पेटीसोबत काढले. ती खाटेखाली होती. आप्पा दिवसाआड पुड्या बदलायचे. दुकानं बंद, भाजी नाही, तर माय डाळीत चिंच टाकून भागवायची, वाळवलेल्या मेथीची भाजी करायची. आप्पांना काम नव्हतं. पंचवीस वर्षांत ते कधी असे बसले नव्हते. सकाळी उठून, दाढी करून, पान्यांची पिशवी उघडायचे, पाने पुसायचे, पुन्हा ठेवायचे. मधूनच भिंतीला कान लावायचे. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण चीड यायची. एकोणीस वर्षांच्या मुलीला घरात रिकामा बसलेला बाप बघवत नाही, आणि माझ्या डोक्यात तर काचेची कपाटं होती.

दसरा जवळ आला तसे काही लोक परतू लागले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीतला एकजण गावाकडून आला, त्यानं मामाचा निरोप आणला. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरू, आत्माराम भाऊजींनी हो म्हणावं. आप्पा म्हणाले, ‘सांगी दे, हां म्हन.’ माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कदाचित या रोगानं ते घाबरले असतील, पोरगी कुठेतरी सुखरूप पडावी असं वाटलं असेल. हे मी आज म्हणते. तेव्हा मी चुलीशी बसून दात आवळत होते.

त्यानंतर तासाभरानं आप्पांनी पेटी बाहेर ओढली.

ज्यांना कारखान्याचा दसरा माहीत नाही त्यांना सांगते. त्या दिवशी माग बंद असतात. आदल्या दिवशी ते रॉकेलनं धुतात, वर्षभराची वंगणाची आणि कापसाची घाण खरवडून काढतात, रंग उडाला असेल तिथे हात फिरवतात. सकाळी तेलात कालवलेलं कुंकू, झेंडूची माळ, नारळ. मालक पेढे वाटतो. आप्पांसाठी दिवाळी वगैरे सगळं त्यानंतर. या वर्षी कारखान्याला कुलूप होतं, किल्ली पळालेल्या मॅनेजरकडे. आप्पांच्या वाट्याला पूजेला एकही यंत्र नव्हतं. आणि खाटेखाली एक इंजिन होतं.

‘शेठनी सांगेल शे ना, हात लावू नका?’ मायनं विचारलं.

‘घरमा मशीन शे,’ आप्पा म्हणाले, ‘आनि दसराले ते मळकं ठेवानं? लोक थुंकतीन मना तोंडवर.’

त्यांनी मलमल सोडली. इंजिन परातीत ठेवलं. रॉकेलची बाटली घेतली, दातांचा जुना ब्रश घेतला, आणि मग थांबून माझ्याकडे वळले. आप्पा अडाणी नव्हते. जे काम आपलं नाही ते जाणत्याला विचारावं, एवढी त्यांची रीत होती. लेथवाल्यालाही ते विचारायचे, माझ्यासारख्या पोरीलाही.

‘काय वं पोरी, हाई धोयं ते चालई का? तुले माहीत शे.’

मला माहीत होतं. त्या सबंध गल्लीत, त्या सबंध नवागामात, ते माहीत असलेली मी एकटी होते. पाणी नाही, ऊन नाही, रंग नाही. एक ‘नको’ म्हणायचं होतं. पण मी अजून त्या ‘हां’वर जळत होते. म्हटलं, दिलीपला हो म्हणताना मला विचारलं नाहीत, आता पत्र्याला रॉकेल लावताना विचारताय. आणि त्याखाली आणखी एक घाणेरडा विचार होता, तोही लिहून टाकते. मला वाटलं, करू दे यांना, शेठ एकदा यांना झाडतील, मग यांना कळेल की आपल्या पोरीला किती कळतं.

‘माले काय माहीत,’ मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

मायनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण मी वर्षभर घरी तेच पाठ करत असायचे, तिनं ऐकलेलं होतं. मग ती पुन्हा डाळ निवडू लागली.

मग आप्पा दिवसभर त्या इंजिनाशी बसले. रॉकेल झालं, मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा. सत्तर वर्षांचा हिरवा रंग पोपडे होऊन परातीत उतरला. खालचा पत्रा लखलखीत निघाला तेव्हा आप्पा खूश होऊन हसले. कारखान्यातून आणलेला मागाचा हिरवा रंग डब्याच्या तळाला थोडा होता, तो रॉकेलनं पातळ करून त्यांनी दोन हात दिले. संध्याकाळी बारीक कुंचल्यानं लाल रेघा ओढल्या. पट्टी न धरता ओढल्या, आणि एकही रेघ केसभर हलली नाही. ती सोनेरी अक्षरं गेली होती, त्यांच्या जागी त्यांनी काही लिहिलं नाही. दसऱ्याला सकाळी इंजिनाच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मायनं कुठून तरी मिळवलेल्या सात झेंडूंची माळ घातली, नारळ फोडला. मग किल्ली दिली. इंजिन आमच्या फरशीवरून चुलीपर्यंत सुळकन गेलं, आणि शेजारची पोरं ओरडली. पुरणाच्या पोळ्या झाल्या होत्या, दूध नसल्यानं नुसत्या तुपाशी खाल्ल्या. आप्पा तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. मी उपाशी राहिले, डोकं दुखतंय म्हणून.

शेठ आठवड्यानं परतले. पेटी घेऊन आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. योग असा, की मुंबईचे एक वकील, मोठे जमवणारे, त्याच दिवशी ते इंजिन बघायला आले होते. आप्पांनी स्वतःच्या हातानं पेटी उघडली. मलमल बाजूला करताना ते हसत होते.

शेठ किंचाळले. खरंच किंचाळले, बाईमाणसासारखे म्हणणार होते, पण आमच्या बायका प्लेगातही अशा किंचाळल्या नाहीत. ‘ये क्या किया तूने? गँवार! ये लोहा नहीं है, हिस्ट्री है!’ त्यांना घाम फुटला. वकिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आप्पांचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, ते आवरायला त्यांना वेळ लागला. ‘शेठ, दशहरा था,’ ते एवढंच म्हणाले.

वकीलसाहेबांनी खिशातून भिंग काढलं, इंजिन उलटं केलं आणि बराच वेळ खाली बघितलं. मग म्हणाले, ‘रंग गया. लेकिन चाकं मात्र अस्सल आहेत. ओरिजिनल. निदान त्यांना या माणसाचा हात लागला नाही, देवाची कृपा.’

खोलीत आम्ही चौघं होतो, आणि तिघांना ठाऊक होतं ती चाकं कुणी कातली ते. शेठनी मान हलवली. ‘हां, चाक ओरिजिनल,’ ते म्हणाले. आप्पांनी जमिनीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मग शेठ माझ्याकडे वळले. ‘और ये? इस को तो सब मालूम है. मैंने सिखाया है इस को. आत्माराम, इस को पूछा था तूने?’

मला आठवतं, त्या क्षणी मी आप्पांचा विचार केला नाही. खालच्या दालनाचा केला. तिथल्या खुर्चीचा, किल्ल्यांचा. 

‘नहीं शेठ,’ आप्पा म्हणाले. ‘ये घर पे नहीं थी. बाजू में गयी थी. मैंने किसी को नहीं पूछा.’

एवढं स्वच्छ खोटं त्यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. शेठचा राग माझ्यावरून उतरला. आप्पांना मात्र त्यांनी बजावलं, की यापुढे कारखान्यातले माग तेवढे सांभाळायचे आणि एकाही गाडीला बोट लावायचं नाही. आम्ही बसनं परत आलो.  मी थोडा वेळ मनात शब्द जुळवले, आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. घरी मायनं मला ताट वाढलं, पण कितीतरी दिवस नुसतं वाढलंच, ‘आणखी घे’ म्हणाली नाही.

दिवाळीनंतर दालन उघडलं आणि मला ती खुर्ची मिळाली. आप्पांनी स्वतः गावी जाऊन मामाला सांगितलं, पोरगी नोकरीला लागली, लग्न आता नको. मामा दोन वर्षं बोलत नव्हता. मला हवं ते सगळं मिळालं, आणि ज्यानं मिळवून दिलं त्याच्याशी मी ‘जेवलात का’ यापलीकडे बोलू शकत नव्हते.

ते इंजिन शेठनी टाकलं नाही. कोपऱ्यातल्या कपाटात एकटं ठेवलं, येणाऱ्याला अडाणीपणा काय करतो ते दाखवायला. चिठ्ठी मलाच लिहायला सांगितली. चार इंग्रजी शब्द, शेठनी तोंडी सांगितलेले. अर्थ असा: अडाणी कामगारानं नासवलेलं. मी उठून जाऊ शकले असते. निदान अक्षर वाईट काढू शकले असते. मी पट्टीनं रेघ आखून, सुबक वळणदार अक्षरात ते लिहिलं आणि काचेआड उभं केलं.

महिन्याभरानं त्या कपाटाचं कुलूप अडकलं. गाडीला हात लावायचा नव्हता, कुलपाला चालत होता, म्हणून आप्पांना बोलावलं. शेठ बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानावर होते. आप्पांनी कुलूप काढलं, तेल दिलं, बसवलं, आणि मग काचेतून बघत राहिले. त्यांना मराठी वाचता यायचं, थोडं गुजराती. इंग्रजी नाही.

‘हाई चिठ्ठीवर काय लिखेल शे?’

‘तुमनं नाव,’ मी म्हणाले. विचार न करता म्हणाले. ‘हे इंजिन आत्माराम फिटर यांनी दुरुस्त केलं, असं.’

‘मनं? विंग्रजीमा?’

‘हां.’

त्यांनी हात पँटला पुसले, पण काचेला लावले नाहीत. शेठ मनानं वाईट नाही, असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं विषय संपला.

तो संपला नाही. पुढच्याच सोमवारी, शेठ दुकानावर असताना, ते मायला घेऊन आले. मग शेजाऱ्यांना, मग कारखान्यातल्या दोघा-तिघांना, आणि दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘हाई लिखणारी बी मनीच पोर.’ माझी मुलगी आता म्हणते, आजोबांना नक्की कळलं असणार गं, तुझ्यासाठी ते तसं दाखवत असतील. सगळे असंच म्हणतात. हा दिलासा फार स्वस्त आहे आणि तो मला नको. त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी जाणत्या माणसाला विचारलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता, दोन्ही वेळा.

शेवटी, दोन वर्षांनी, ते मामाला घेऊन आले. मामा गावाहून खास आला होता, धुतलेलं धोतर नेसून, राग सोडून. आप्पांनी त्याला त्या कोपऱ्यात नेलं, चिठ्ठीकडे बोट केलं. मामानं डोळे बारीक करून बघितलं, त्याला काही उमगलं नाही, आणि तो मला म्हणाला, ‘भाची, जोरमा वाच ना वं.’ दालनात गाड्या बघायला आलेली दोन-तीन माणसं होती, त्यांतल्या कुणालाही ते चार शब्द वाचता आले असते. मी हातमोजे काढले, काचेजवळ वाकले, त्या शब्दांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि आप्पांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, गावासकट, मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी डोक्यावरची टोपी नीट केली.